खुल्या वाहतूक-डेटावरची ॲप-स्पर्धा : अमळनेरच्या बसस्थानकावरून केलेले परीक्षण

सार्वजनिक वाहतुकीच्या खुल्या माहितीवरून मोबाइल ॲप तयार करण्याच्या स्पर्धा आता पुण्या-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. त्यांची परिपत्रके जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या महाविद्यालयांतही येऊ लागली आहेत. अशाच एका स्पर्धेत आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा संघ उतरला होता आणि त्यांचा मार्गदर्शक या नात्याने नावनोंदणीपासून अंतिम सादरीकरणापर्यंत मी सोबत होतो. स्पर्धेचे नाव येथे घेत नाही, कारण मला जे मांडायचे आहे ते तिच्यासारख्या बहुतेक स्पर्धांना लागू पडते. हे परीक्षण मुख्यतः स्पर्धकाच्या हाती पडणाऱ्या साहित्याचे आहे: डेटाचे स्वरूप, तयार मिळणारा डेटा, नकाशा, तपासणीची साधने आणि शेवटी खुद्द गुणांकनाची पद्धत. माझे मत आधीच सांगतो. साहित्य उत्तम आहे, विनामूल्य आहे आणि खान्देशातील एसटीचे सारे व्यवहार सामावून घेण्याइतके लवचीक आहे. मात्र तयार डेटा महानगरांचा असतो आणि बक्षीस दिसण्याला मिळते. तरीही स्पर्धेत उतरावे, पण दुसऱ्या शहराच्या डेटावर नव्हे, तर आपल्या स्थानकाचे वेळापत्रक स्वतः गोळा करून उतरावे.

या प्रकाराची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने २००५ मध्ये गूगलबरोबर काम करून आपली वेळापत्रके एका साध्या, सर्वांना वाचता येईल अशा स्वरूपात आणली आणि त्यातूनच आज जगभर वापरले जाणारे जीटीएफएस हे स्वरूप तयार झाले. पुढे २००८ मध्ये वॉशिंग्टनने आणि २००९ मध्ये न्यूयॉर्कने सरकारी डेटावर ॲप तयार करण्याच्या स्पर्धा भरवल्या. लंडनच्या वाहतूक संस्थेने खुल्या केलेल्या डेटामुळे प्रवाशांना आणि शहराला वर्षाकाठी १३ कोटी पौंडांपर्यंत लाभ होतो, असा अंदाज डेलॉइट या सल्लागार संस्थेने २०१७ मध्ये मांडला होता. आपल्याकडे २०१८ हे वर्ष महत्त्वाचे ठरले, कारण त्या वर्षी कोची मेट्रोने आपला डेटा जीटीएफएस स्वरूपात खुला केला आणि दिल्ली सरकारच्या परिवहन विभागाने आयआयआयटी-दिल्लीच्या सहकार्याने बसगाड्यांचा डेटा देणारे संकेतस्थळ सुरू केले. आपल्याकडील स्पर्धांत नमुना म्हणून बहुधा दिल्लीचाच डेटा पुढे केला जातो.

आता मूळ स्वरूपाकडे वळतो. जीटीएफएस म्हणजे काही साध्या मजकुरी फायलींचा एक झिप गठ्ठा असतो. एका फायलीत थांब्यांची नावे व अक्षांश-रेखांश, दुसरीत मार्ग, तिसरीत त्या मार्गावरील प्रत्येक फेरी, चौथीत त्या फेरीच्या प्रत्येक थांब्यावरील वेळा आणि पाचवीत ती फेरी आठवड्याच्या कोणत्या वारी धावते याची नोंद असते. स्प्रेडशीट वापरता येणाऱ्या कोणालाही हे समजते आणि यासाठी कोणतेही महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनीने एका दुपारी एका मार्गाचा पूर्ण संच तयार केला, यावरून त्याची सुलभता लक्षात यावी. परंतु या स्वरूपाची खरी ताकद मला त्याच्या सोपेपणात दिसली नाही. ती दिसली, ती आमच्या भागातील एसटीच्या सवयी त्यात बसवताना.

महानगरातील बसला क्रमांक असतो, तर आमच्या गाडीला पाटी असते आणि त्या पाटीवर ‘मार्गे’ असते. अमळनेरहून धुळ्याला नवलनगरमार्गे जाता येते, तसेच पारोळामार्गेही जाता येते, आणि ज्याला पारोळा रस्त्यावरच्या मुकटीला उतरायचे आहे त्याच्या दृष्टीने या दोन गाड्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. जीटीएफएसमध्ये मार्गाला क्रमांक असणे सक्तीचे नाही. क्रमांक किंवा पूर्ण नाव यांपैकी एक पुरेसे होते. त्यामुळे पाटीवर जसे लिहिलेले असते तसेच, ‘मार्गे’सह, मार्गाचे नाव देता येते. ही सोय लहान वाटते, पण प्रवासी ज्या नावाने गाडी ओळखतो त्याच नावाने ॲपने ती दाखवली नाही, तर ते ॲप वडीलधाऱ्या माणसांच्या उपयोगाचे राहत नाही.

वेळांचेही तसेच. आगारातून गाडी सुटण्याची वेळ ठरलेली असते, शेवटच्या गावी पोहोचण्याची वेळही साधारण ठरलेली असते, परंतु मधल्या फाट्यांवर गाडी केव्हा येईल हे वेळापत्रकात लिहिलेले नसते. ते गावकऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते. या स्वरूपात मधल्या थांब्यांच्या वेळा रिकाम्या सोडता येतात किंवा ‘ही वेळ अंदाजे आहे’ अशी खूण करून देता येतात. आमच्या संघाने दुसरा पर्याय निवडला आणि पडद्यावर अशा वेळांपुढे ‘सुमारे’ हा शब्द ठेवला. ‘१०:१७’ असा ठाम आकडा दाखवण्यापेक्षा ‘सुमारे सव्वादहा’ हे अधिक प्रामाणिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुक्कामी गाडीची नोंद करताना तर या स्वरूपाबद्दल माझ्या मनात आदरच निर्माण झाला. संध्याकाळी आगारातून निघून शेवटच्या गावी रात्री मुक्काम करणारी आणि पहाटे दूधवाले, भाजीवाले, कॉलेजची मुले घेऊन परतणारी ही गाडी ग्रामीण भागाच्या दृष्टीने दिवसातील सर्वांत महत्त्वाची फेरी असते. तिची अडचण अशी, की आदल्या संध्याकाळी ती गावात आलीच नाही, तर दुसऱ्या दिवशी पहाटेची फेरीही नसते. म्हणजे पहाटेच्या फेरीचे भवितव्य आदल्या रात्रीच ठरते. जीटीएफएसमध्ये मध्यरात्रीनंतरच्या वेळा २४ च्या पुढे मोजण्याची मुभा आहे. रात्री ९ वाजता सुटून पहाटे ५ वाजता पोहोचणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीची पोहोचण्याची वेळ २९:०० अशी लिहितात. याच नियमाचा आधार घेऊन पहाटे साडेपाचची परतीची फेरी आदल्या दिवसाची २९:३० ची फेरी म्हणून नोंदवली आणि दोन्ही फेऱ्यांना एकाच गाडीच्या साखळीचा समान संकेतांक दिला, की यंत्राला कळते: या दोन फेऱ्या एकाच गाडीच्या आहेत. मग संध्याकाळची फेरी रद्द झाल्याची नोंद होताच पहाटेच्या प्रवाशाला रात्रीच सूचना देता येते. ही कल्पना संघातील ज्या मुलाला सुचली, त्याचे स्वतःचे गाव मुक्कामी गाडीवर अवलंबून आहे.

‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही एसटीची ओळख. तिला अधिकृत थांब्यांच्या चौकटीत कसे बसवायचे, हा प्रश्न संघासमोर होता. त्याचेही उत्तर स्वरूपातच मिळाले: मार्गाच्या एखाद्या टप्प्यावर प्रवासी कोठेही चढू-उतरू शकतो, अशी खूण करण्याची तरतूद त्यात आहे. फक्त त्यासाठी गाडीचा नेमका रस्ता नकाशावरील रेषेच्या रूपात द्यावा लागतो, जेणेकरून शेतातल्या वस्तीवरून निघालेल्या माणसाला रस्त्याच्या कोणत्या ठिकाणी जाऊन उभे राहायचे ते सांगता येईल. विद्यार्थ्यांनी गाडीत बसून मोबाइलच्या जीपीएसवर या रेषा नोंदवल्या. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

यात्रांच्या नोंदीसाठी तारखांच्या अपवादांची स्वतंत्र फाइल असते; तिच्यात एखाद्या तारखेला फेरी वाढवता येते किंवा वगळता येते. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, चैत्रात वणीच्या गडाकडे खान्देशातून लोक पायी जातात आणि आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात. हे सर्व उत्सव तिथीप्रमाणे येतात, इंग्रजी तारखेप्रमाणे नव्हे. त्यामुळे ही फाइल दरवर्षी नव्याने भरावी लागते आणि ते काम पंचांग समोर ठेवूनच होते. अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरामुळे मंगळवारी येथे बाहेरगावच्या लोकांची मोठी गर्दी होते, तेव्हा वारानुसार विचार करण्याची गरजही आमच्या गावाला वेगळी सांगावी लागत नाही.

भाड्याचा भाग मात्र मला या स्वरूपाची कमकुवत बाजू वाटली. एसटीचे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्यांवर मोजले जाते, १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. जुन्या पद्धतीच्या भाडे-फायलींत प्रवाशांचे असे गट मांडण्याची सोय नाही. नव्या पद्धतीत ती आहे, पण ती समजून घेण्यास नवख्या संघाला बराच वेळ लागतो आणि सर्व मोफत साधने ती वाचतातच असे नाही. ज्यांच्यापाशी वेळ थोडा आहे, त्यांनी भाडे पहिल्या आवृत्तीत घेऊ नये, असा माझा सल्ला राहील.

स्वरूप कितीही चांगले असले, तरी आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. डेटा हाच या साऱ्याचा पाया, आणि तो आमच्यासाठी कोणी तयार करून ठेवलेला नव्हता. संघाने अमळनेर स्थानकावरून सुटणाऱ्या फेऱ्यांपुरतेच काम हाती घेतले आणि हा निर्णय योग्य होता. आगार व्यवस्थापकांकडे महाविद्यालयाच्या पत्रावर रीतसर परवानगी मागितली. मग भिंतीवरील वेळापत्रकाचा फलक, वाहतूक नियंत्रकांकडील फेऱ्यांचे तक्ते आणि प्रत्यक्ष निरीक्षण अशा तीन मार्गांनी माहिती घेतली. तिन्हींत फरक निघतोच. फलकावरील काही फेऱ्या बंद झालेल्या असतात, तक्त्यातील काही फेऱ्या फलकावर कधी चढलेल्याच नसतात, आणि काही गाड्यांची वेळ कागदावर तीच असली तरी शाळेच्या वेळेनुसार व्यवहारात सरकलेली असते. कोणत्या स्रोतावर भरवसा ठेवायचा, याचा निर्णय प्रत्येक फेरीगणिक घ्यावा लागतो आणि तो कोणत्या आधारावर घेतला हे लिहून ठेवावे लागते.

या निरीक्षणातूनच ॲपचा सर्वांत महत्त्वाचा पडदा घडला. चौकशीच्या खिडकीपाशी विद्यार्थी वही घेऊन उभे राहिले आणि लोक काय विचारतात ते त्यांनी टिपले. शहरी ॲप गृहीत धरते, की प्रवाशाला ‘येथून तेथे कसे जायचे’ हे हवे असते. स्थानकावर मात्र हा प्रश्न जवळपास कोणीच विचारत नाही. डोक्यावर पाटी घेतलेली एक आजी खिडकीत वाकून विचारते, ‘शिरपूरनी गाडी लागनी का भाऊ?’, आणि तिच्यामागचा माणूस विचारतो, ‘साडेतीनची आज आहे ना?’ मार्ग त्यांना ठाऊक असतो, वेळही ठाऊक असते. गाडी फलाटाला लागली का आणि आजची फेरी रद्द तर नाही ना, एवढेच त्यांना हवे असते. म्हणून संघाने ॲप उघडताच नकाशा न दाखवता सुटणाऱ्या गाड्यांची यादी दाखवली: वेळ, गाव, मार्गे, फलाट, आणि समोर मोठ्या अक्षरांत ‘लागली’, ‘अजून नाही’ किंवा ‘रद्द’. ही स्थिती कोणी भरायची, तर स्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशांनीच, आणि दोन-तीन जणांनी तीच नोंद केल्यावरच ती इतरांना दिसावी, असा नियम ठेवला. मी पाहिलेल्या विद्यार्थी-ॲपांत इतका साधा आणि इतका नेमका पडदा दुसरा नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

तपासणीच्या साधनांत मोबिलिटीडेटा या संस्थेचे विनामूल्य जीटीएफएस तपासणी-साधन मला सर्वांत मोलाचे वाटले. संच त्यात टाकला, की चुका, इशारे आणि माहितीवजा सूचना यांचा तपशीलवार अहवाल मिळतो. त्याची उपयुक्तता एका उदाहरणाने सांगतो. जळगाव–एरंडोल रस्त्यावर बांभोरीनंतर पाळधी लागते. याच नावाचे दुसरे गाव जामनेर तालुक्यात आहे. नकाशावर केवळ नावाने शोध घेतल्यास यंत्र कधी एक पाळधी उचलते, कधी दुसरी. थांबा चुकीच्या पाळधीवर पडला, की काही मिनिटांच्या अंतरासाठी गाडीचा वेग ताशी शेकडो किलोमीटर भरतो, आणि हे साधन तत्काळ इशारा देते, की या दोन थांब्यांमधील प्रवास अशक्य वेगाचा आहे. खान्देशात सावखेडे, पिंप्री, वडगाव अशी नावे तालुक्यागणिक पुन्हा पुन्हा येतात. वर बुद्रुक, खुर्द आणि प्रगण्याची अक्षरे जोडलेली असतात. डोळ्यांनी शेकडो थांबे तपासून अशी गफलत सापडत नाही. या साधनाचा एकच तोटा आहे: अहवाल इंग्रजीत येतो आणि त्याची भाषा तांत्रिक आहे, त्यामुळे पहिल्या वेळी कोणीतरी जाणकार शेजारी बसलेला हवा.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप वापरला. २००४ मध्ये सुरू झालेला हा स्वयंसेवकांचा नकाशा कोणालाही वापरता आणि सुधारता येतो, हीच त्याची मोठी देणगी आहे. राष्ट्रीय महामार्ग, तालुक्याची गावे आणि रेल्वेमार्ग त्यात व्यवस्थित मिळाले. फाटे, वस्त्या आणि गावांतर्गत रस्ते मात्र अनेक ठिकाणी नव्हते, आणि असलेल्या गावांची नावे बरेचदा फक्त इंग्रजीत होती. या नकाशात प्रत्येक ठिकाणाला मराठी नाव स्वतंत्रपणे जोडता येते. संघाने आपल्या मार्गांवरील गावांची देवनागरी नावे भरली आणि निवारा-शेड कोठे आहे, कोठे फक्त निंबाचे झाड आहे, हेही नोंदवले. हे काम स्पर्धेनंतरही सर्वांच्या उपयोगी राहणार आहे, कारण ते संघाच्या ॲपमध्ये नव्हे, तर खुल्या नकाशात जमा झाले आहे.

दिल्लीच्या डेटाबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. त्यात वेळापत्रकांचा संच उतरवून घेता येतो आणि धावत्या बसगाड्यांची ठिकाणे मिळवण्यासाठी अर्ज करून संकेत-किल्ली, म्हणजे डेटा मागवण्याचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक, घ्यावी लागते. गाडी या क्षणी कोठे आहे हे दाखवणारा डेटा कसा वाचायचा, तो ठरावीक काळाने कसा ताजा करायचा, वेळापत्रकाशी त्याचा मेळ कसा घालायचा, हे शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना याहून चांगले साहित्य देशात क्वचितच मिळेल. आमच्या संघानेही सराव त्यावरच केला. परंतु शहराच्या जाळ्यात एक गाडी चुकली तर थोड्या वेळात दुसरी येते; आमच्याकडे एखाद्या गावाला दिवसातून दोनच फेऱ्या असतात आणि गाडी चुकणे म्हणजे तो दिवस जाणे. दिल्लीच्या डेटावर घडवलेले ॲप ‘पुढची गाडी’ या कल्पनेवर उभे राहते, आमचे ‘हीच गाडी’ या कल्पनेवर. म्हणून शिकावे दिल्लीच्या डेटावर आणि बांधावे आपल्या.

मार्ग शोधून देणारे ओपनट्रिपप्लॅनर हे मुक्त सॉफ्टवेअरही आम्ही वापरून पाहिले. नकाशा आणि वेळापत्रक एकत्र करून ते बस, रेल्वे आणि पायी चालणे यांची सांगड घालते, आणि अमळनेर स्थानकावर रेल्वेने उतरून पुढे एसटीने जाणाऱ्यासाठी ते चांगली उत्तरे देते. एका जिल्ह्यापुरता डेटा साध्या संगणकावर सहज चालतो. तथापि ते सर्व्हरवर चालणारे साधन आहे आणि सातपुड्याच्या भागात, धडगाव-तोरणमाळच्या बाजूला किंवा यावल-चोपड्याच्या आदिवासी पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळतेच असे नाही. रेल्वेच्या प्रवाशांमध्ये ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप इतके रुजले, त्याचे एक मोठे कारण म्हणजे ते इंटरनेट नसतानाही वेळापत्रक दाखवते आणि मोबाइल मनोऱ्यांच्या आधारे गाडीचे ठिकाण काढते; २०१८ मध्ये गूगलने ते विकत घेतले. ग्रामीण वाहतुकीचे ॲप करणाऱ्याने हाच मापदंड ठेवावा. आमच्या संघाने एका आगाराचे संपूर्ण वेळापत्रक फोनमध्येच साठवले. जीटीएफएसच्या फायली मजकुरी असल्याने एका आगारापुरता त्यांचा आकार एखाद्या छायाचित्राहून मोठा होत नाही.

आता स्पर्धेच्या आयोजनाविषयी. नावनोंदणी सुटसुटीत होती, शुल्क नव्हते, शंकांना उत्तरे वेळेवर मिळाली; याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती गुणांकनाबद्दल. गुणांच्या तक्त्यात पडद्याची मांडणी, नवकल्पना आणि व्यावसायिक शक्यता यांना वाव होता, पण डेटाच्या अचूकतेला एकही गुण नव्हता. परीक्षकांपैकी कोणीही ‘ही वेळ तुम्ही कोठून घेतली?’ असे विचारले नाही. ज्या संघांनी आयोजकांनी दिलेल्या महानगरी डेटावर आकर्षक नकाशे आणि चलचित्रे उभी केली, ते पुढे गेले. आणि ज्यांनी फलक, तक्ते व प्रत्यक्ष फेऱ्या तपासून नवा डेटा निर्माण केला, त्यांच्या कामातील तो भाग सादरीकरणाच्या सात मिनिटांत दिसलाच नाही. चुकीची वेळ दाखवणारे देखणे ॲप प्रवाशाचे थेट नुकसान करते. आयोजकांनी निदान तृतीयांश गुण डेटाची अचूकता, त्याच्या स्रोतांची नोंद आणि तो अद्ययावत ठेवण्याची योजना यांना द्यावेत आणि अंतिम फेरीतील प्रत्येक ॲप एखाद्या स्थानकावर नेऊन तासभर वापरून पाहावे. याशिवाय गुणांकनाला अर्थ राहत नाही.

नियमावलीतील एका कलमाकडे मी प्रत्येक मार्गदर्शकाचे लक्ष वेधू इच्छितो. प्रवेशिका सादर होताच तिचे सर्व हक्क आयोजकांकडे जातील, अशा आशयाची तरतूद काही स्पर्धांत असते. ॲपच्या संदर्भात तिचा परिणाम मर्यादित असेल, पण मेहनतीने गोळा केलेल्या वेळापत्रकाच्या बाबतीत तो गंभीर आहे, कारण मग तोच डेटा पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना किंवा दुसऱ्या महाविद्यालयाला वापरता येईल की नाही, याची खात्री राहत नाही. आमच्या संघाने लेखी विचारणा केली आणि डेटा संच खुल्या परवान्याखाली आधीच प्रसिद्ध करून मगच प्रवेशिका दिली. हा क्रम पाळणे शहाणपणाचे आहे. ओपनस्ट्रीटमॅपचा आधार घेतला असेल, तर त्याच्या परवान्याप्रमाणे श्रेय देणे आणि त्यावरून तयार केलेला डेटा त्याच अटींवर खुला ठेवणे बंधनकारक असते, हेही विसरता कामा नये.

स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्या खान्देशातील महाविद्यालयांना माझी शिफारस स्पष्ट आहे. एकच आगार निवडावे, शहादा, साक्री, पाचोरा, रावेर, कोणतेही. आणि संघात रोज एसटीने ये-जा करणारा किमान एक विद्यार्थी असावा, कारण त्याला जे माहीत असते ते फलकावर नसते. खर्च म्हणाल तर प्रवासभाड्यापलीकडे फारसा नाही, साधने सर्व मोफत आहेत. प्रोग्रामिंग येणाऱ्या दोघांइतकीच वेळापत्रक चिकाटीने नोंदवणाऱ्या दोघांची गरज असते, आणि हे दुसरे काम वाणिज्य वा कला शाखेचे विद्यार्थी तितक्याच चांगल्या रीतीने करतात. माहिती गोळा करण्याचा काळ मात्र विचारपूर्वक ठरवावा. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी हंगामाच्या जादा गाड्या सुरू असतात आणि शाळा-महाविद्यालयांच्या फेऱ्या बंद असतात, त्यामुळे तेव्हाचे चित्र वर्षभराचे नसते. शाळा उघडून विद्यार्थ्यांचे पास सुरू झाले, की फेऱ्यांची घडी बसते. जुलैपासून दिवाळीपूर्वीपर्यंतचे आठवडे नोंदीसाठी सर्वांत चांगले, आणि या काळात पावसाने कोणत्या फरशीपुलावरून गाडी बंद होते तेही वहीत येते.